पायझो सिंथेटिक जेट: व्होल्टेज वाढवण्याआधी पोकळीची खोली मोजा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजण्यात चूक झाली असेल तर लगेच दिसेल. पात्याच्या मॉडेलवरून सुटणारा हवेचा प्रवाह धरून ठेवायला तुम्ही सिंथेटिक जेट बनवताय, म्हणजे वीज दिली की थरथरणाऱ्या पायझो चकतीनं पेटीतली हवा भोकातून फेकायची. ४१ मिलिमीटरची पितळी पायझो चकती, पुढे अ‍ॅक्रिलिकची ५ मिलिमीटर खोल पोकळी, २ मिलिमीटर जाडीच्या झाकणाला १ मिलिमीटरचं भोक. चकती १२०० हर्ट्झला सगळ्यात मोठ्यानं वाजते म्हणून तुम्ही ती तिथंच चालवता. ६० व्होल्ट पीक-टू-पीकला (वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत) भोकासमोर ४ ते ५ मीटर प्रतिसेकंद मिळाले. १५० व्होल्ट दिल्यावर वेग थोडा वाढला, दहा मिनिटांत परत उतरला आणि दुसऱ्या दिवशी चकती तडकली. तुम्हाला २५ ते ३० हवेत. पात्याचं मॉडेल २०० मिलिमीटर कॉर्डचं (म्हणजे पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत), ३०० मिलिमीटर रुंद, विंड टनेलच्या बोगद्यात वारा १० मीटर प्रतिसेकंद. चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या बघून विषय सुचला, हेही तुम्ही लिहिलंय, ते मला फार आवडलं. आणि शेवटचा प्रश्न: बायमॉर्फ (सिरॅमिकच्या दोन थरांची) चकती आणि हाय-व्होल्टेज अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा का?

अजून घेऊ नका. तुमची चकती बहुतेक पुरेशी हलतेय. तिनं ढकललेली हवा भोकातून बाहेरच येत नाही, हे खरं दुखणं आहे. आडात पाणी आहे, पोहऱ्यात येत नाही. अशा वेळी व्होल्टेज वाढवलं की चकतीवरचा ताण वाढतो, जेट जिथल्या तिथं राहतो.

मी कुपवाडच्या एमआयडीसीत गेली अठरा वर्षं पायझोच्या चकत्यांवरच काम करतोय. मुख्य धंदा अल्ट्रासोनिक सेन्सरचा, पण सांगली, सातारा, कराडची मुलं जेटच्या प्रोजेक्टसाठी येतात तेव्हा माझं बाक त्यांना मोकळं असतं. दर वर्षी निदान एक जोडी तुमच्यासारखाच प्रश्न घेऊन येते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सिंथेटिक जेटला बाहेरून हवा लागत नाही. चकती आत गेली की भोकातून हवा बाहेर फेकली जाते आणि भोकाच्या काठावर तिचं भोवऱ्याचं कडं तयार होतं. चकती मागे आली की हवा आत ओढली जाते, पण तोवर ते कडं पुढे निघून गेलेलं असतं. आत येणारी हवा बाजूंनी येते, बाहेर जाणारी समोर जाते. एका फेरीत जितकी हवा बाहेर तितकीच आत, तरी संवेग मात्र सतत पुढेच. जॉर्जिया टेकच्या स्मिथ आणि ग्लेझर यांनी १९९८ साली हे नीट मोजून मांडलं. कडं निसटून जायला हवेचा एका झटक्यातला पल्ला भोकाच्या व्यासाच्या निदान निम्मा हवा, नाहीतर बाहेर गेलेलीच हवा परत आत खेचली जाते. गोल भोकासाठीचा हा निकष होल्मन, कॅटाफेस्टा आणि सहकाऱ्यांनी २००५ साली दिला. तुमची अडचण इथं नाही, त्यामुळं हे एवढंच.

अडचण पोकळीची आहे. मिरजेत राहत असाल तर एकदा सतारमेकर गल्लीत जाऊन तंबोऱ्याचा भोपळा हातात घेऊन बघा. मोठ्या भोपळ्याचा आवाज खाली, लहान भोपळ्याचा वर. बंद पोटातली हवा म्हणजे स्प्रिंग आणि तोंडाशी असलेली हवेची गुटी म्हणजे त्या स्प्रिंगला टांगलेलं वजन. पोट मोठं तर स्प्रिंग मऊ, तोंड लहान तर हवा अडखळते. दोन्हींमुळं वारंवारता खाली येते. हाच हेल्महोल्ट्झ अनुनाद. तुमच्या पेटीलाही तो आहेच, फक्त तुम्ही मोजलेला नाही.

मोजून बघू. चकतीचा मोकळा भाग ३८ मिलिमीटर धरला तर पोकळीचं आकारमान सुमारे ५६७० घन मिलिमीटर. भोकाचं क्षेत्रफळ ०.७८५ चौरस मिलिमीटर. गळ्याची लांबी २ मिलिमीटर, पण भोकाच्या दोन्ही टोकांची थोडी हवाही सोबत हलते म्हणून व्यासाच्या ०.८५ पट जास्त धरायची, म्हणजे २.८५. आता क्षेत्रफळाला आकारमान आणि लांबीच्या गुणाकारानं भागा, वर्गमूळ काढा, आवाजाच्या वेगानं गुणा, दोन पायनं भागा. येतात साधारण ३८० हर्ट्झ.

म्हणजे पेटी ३८० ला गाते आणि तुम्ही तिला १२०० नं हलवता. गुणोत्तर ३.१५, वर्ग जवळजवळ १०, त्यातून एक वजा केला की ९. चकतीनं ढकललेल्या हवेपैकी नववा हिस्साच भोकातून जातो, बाकीची पोकळीत दबते आणि परत फुगते. समजा चकतीचा मधला भाग १० मायक्रॉन हलतोय. कडेला पकडलेल्या चकतीचं सरासरी हलणं मध्याच्या एक तृतीयांश धरा. हवा दबलीच नसती तर १ मिलिमीटरच्या भोकातून शिखरवेग ३६ मीटर प्रतिसेकंद आला असता. नवानं भागा: ४. तुमच्या मीटरवर ४ ते ५ आलेत. मीटर सरासरी दाखवतो आणि हा आकडा शिखराचा आहे, त्यामुळं तंतोतंत जुळणीचा दावा मी करत नाही, पण पाणी कुठं मुरतंय ते यातून दिसतं.

आता पोकळी १ मिलिमीटर खोल करा आणि भोक दीड मिलिमीटरचं. झाकण तेच. पेटीचा अनुनाद ३८० वरून सुमारे ११९० ला येतो, म्हणजे तुमच्या चकतीच्या शेजारी. त्याच १० मायक्रॉनला, हवा दबण्याचा तोटा धरला नाही तर, १६ मीटर प्रतिसेकंदाचा हिशेब बसतो. ३० साठी चकती १९ मायक्रॉन हलायला हवी. अनुनाद जुळल्यावर थोडी मदत पेटीचीही होते, पण भोकातला वेग वाढला की तिथलं घर्षणही वाढतं आणि पेटीचं शिखर चपटं होत जातं, म्हणून त्या मदतीवर फार विसंबू नका. एक मिलिमीटर खोलीचा हा बदल लेथवर अर्ध्या तासाचा आहे आणि तुमच्या मनातल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या किमतीत असे पन्नास डबे होतील.

दोन अनुनाद जवळ आणले की ते एकमेकांना ढकलतात, हे मात्र लक्षात ठेवा. १२०० आणि ११९० शेजारी ठेवले म्हणून ११९५ ला एकच उंच शिखर मिळेल असं होत नाही. दोन शिखरं मिळतात, एक खाली, एक वर. पोकळी उथळ केली की आतली हवा ताठ होऊन चकतीलाही ताठ करते. गॅलास आणि सहकाऱ्यांनी २००३ साली हे सगळं विजेच्या सर्किटासारखं मांडून दाखवलं, आणि ते मॉडेल आजही माझ्या संगणकावर रोज उघडलं जातं. पण कागदावरचा आकडा मला सुरुवातीपुरता लागतो. मी खोलीसाठी अर्धा, पाऊण, एक आणि दीड मिलिमीटरच्या चार रिंगा करून ठेवल्यात. रिंग बदलायची, ३०० ते २५०० हर्ट्झ हळूहळू फिरवायचं, वेग टिपायचा. सगळ्यात चांगली रिंग हिशेबातल्या रिंगेच्या एक घर इकडे किंवा तिकडे निघते.

आता पकडीकडे येतो, कारण १२०० हा आकडाच मला थोडा संशयास्पद वाटतो. दुकानदार जी वारंवारता सांगतो ती मोकळ्या चकतीची असते, मध्यापासून त्रिज्येच्या ०.६८ अंतरावरच्या न हलणाऱ्या वर्तुळावर टेकवलेली. कडेला घट्ट आवळली की वारंवारता वेगळी, नुसती टेकवली की वेगळी. घट्ट आवळलेल्या आणि नुसत्या टेकवलेल्या कडेत जवळजवळ दुपटीचा फरक पडतो. तुमच्या अ‍ॅक्रिलिकच्या दोन पट्ट्या आणि चार स्क्रू म्हणजे यातलं काहीच धड नाही. चार ठिकाणी आवळलेली, मधे सैल. एक स्क्रू अर्धा फेरा फिरवला तर शिखर शंभर हर्ट्झनं सरकेल. करून बघा, विश्वास बसेल.

माझी पसंती अ‍ॅल्युमिनियमची टर्न केलेली रिंग आणि चकतीच्या दोन्ही बाजूंना बारीक ओ-रिंग. कड थोडी फिरू शकते, म्हणून त्याच व्होल्टेजला चकती जास्त हलते आणि वारंवारता खाली राहते. घट्ट पकडीत शिखरं उंच आणि ताकद जास्त, पण चिनीमातीसारख्या सिरॅमिकवर कडेचा वाकवणारा ताण येतो आणि ती तडकते. ज्यांना खूप वरची वारंवारता हवी आहे त्यांनी घट्ट पकड घ्यावी. तुम्हाला नको.

चकती खरंच पहिल्या प्रकारानं, म्हणजे सगळी एकदम वर आणि एकदम खाली, हलतेय ना, हे डोळ्यांनी बघता येतं. झाकण काढा, चकती आडवी ठेवा, ५ ते १० व्होल्ट द्या आणि वर रांगोळी भुरभुरा. पहिल्या प्रकारात कण मध्यापासून उडत उडत कडेला जातात. मधेच गोल कडं थांबलं तर तुम्ही वरच्या प्रकारात आहात, चकतीचा मधला भाग वर जातो तेव्हा बाहेरचा खाली जातो आणि एकूण ढकललेली हवा जवळजवळ शून्य होते. आवाज मात्र खणखणीत येतो. मोठा आवाज म्हणजे मोठा जेट नव्हे.

इथं एक गोष्ट स्वतः अनुभवलेली. सुरुवातीच्या दिवसांत रांगोळी नव्हती म्हणून मी डब्यातली हळद टाकली. सांगलीत हळदीला काय तोटा! ती कडेला जायच्याऐवजी मधोमध गोळा झाली आणि छोट्या ढिगासारखी उकळत राहिली. मी दोन दिवस समजत होतो की चकती उलटी हलतेय, तारा बदलल्या, चकत्या बदलल्या. कारण निघालं वेगळंच. फार बारीक पूड चकतीवरच्या हवेच्या छोट्या प्रवाहांबरोबर वाहते आणि जिथं हालचाल जास्त तिथं जमते. जाड कण उडून जिथं हालचाल नाही तिथं थांबतात. मायकल फॅरडेनं हे १८३१ सालीच दाखवून दिलं होतं. तेव्हापासून चाळलेली, वरची जाडसर रांगोळी एका बाटलीत बाकावर असते.

गळतीकडे मुलं सहसा बघत नाहीत. ३८ मिलिमीटरच्या वर्तुळाचा परीघ ११९ मिलिमीटर. तिथं सगळीकडून फक्त १० मायक्रॉनची फट राहिली तर तिचं क्षेत्रफळ १.२ चौरस मिलिमीटर, तुमच्या भोकापेक्षा मोठं. अरुंद फटीतून हवा भोकाइतकी सहज जात नाही हे खरं, पण जेवढी जाते तेवढी तुमच्या जेटमधून वजा. तपासायला साधी प्लॅस्टिकची सिरिंज घ्या, तोंडाला रबराचा तुकडा लावून भोकावर टेकवा, दट्ट्या अगदी किंचित दाबा आणि सोडा. परत उसळला तर पेटी बंद आहे. हात हलका ठेवा, जोरात दाबलं तर चकती जाईल. आणि चकतीची मागची बाजू मात्र मोकळी हवी. मागे बंद झाकण असेल तर तिथली कोंडलेली हवाही चकतीला धरून ठेवते.

भोकाबद्दल दोनच वाक्यं. ड्रिल केल्यावर आतल्या बाजूला राहिलेला बर (खरखरीत कंगोरा) सुरीनं काढा आणि भिंगाखाली बघा. एका डब्यात फक्त बर काढल्यावर मला वेग स्पष्ट वाढलेला दिसला होता.

आता तुमची तडकलेली चकती. तिचं सिरॅमिक पाव मिलिमीटरच्या आसपास जाड असतं. १५० व्होल्ट पीक-टू-पीक म्हणजे एका बाजूला ७५, म्हणजे प्रति मिलिमीटर सुमारे ३०० व्होल्ट. अर्ध्या फेरीत हे क्षेत्र चकतीच्या ध्रुवीकरणाच्या (सिरॅमिक बनवताना त्याला दिलेल्या विद्युत दिशेच्या) दिशेनं असतं आणि ते ती सहज सोसते. उरलेल्या अर्ध्यात विरुद्ध दिशेनं, आणि मऊ प्रकारच्या पीझेडटीला (या चकत्यांचं सिरॅमिक) उलट्या दिशेनं २०० ते ३०० च्या वर सतत चालवणं धोक्याचं. हळूहळू ध्रुवीकरण उतरतं. दहा मिनिटांत वेग खाली आला तो बहुधा यामुळं, त्यात चकती तापण्याचीही भर. जास्त व्होल्टेज द्यायचंच असेल तर डीसी बायस (एकाच दिशेचं कायमचं व्होल्टेज) जोडा, म्हणजे एकूण पल्ला तोच राहून तो सरळ दिशेला सरकतो. उदाहरणार्थ सरळ १२०, उलट ३०. पण आधी चकतीचा धन कोणता हे नक्की करा. चकतीला टाचणीच्या डोक्यानं हलकं दाबून स्कोपवर कुठल्या बाजूला झटका येतो ते प्रत्येक चकतीचं लिहून ठेवा. एका पुरवठादाराकडून मला एकाच पाकिटात दोन वेगवेगळ्या तुकड्यांच्या चकत्या आल्या होत्या, दिसायला सारख्या, वागायला वेगळ्या. त्या घोळात माझा एक अख्खा महिना गेला. तेव्हापासून प्रत्येक चकतीवर बारीक मार्करनं नंबर घालतो आणि मल्टिमीटरनं तिची धारिता वहीत लिहितो. तुमच्या आकाराच्या चकतीची ३० नॅनोफॅरडच्या आसपास असते. चालवून झाल्यावर पुन्हा मोजा. आकडा उतरला तर बहुधा सिरॅमिकचा एखादा तुकडा तुटून वेगळा झालाय, डोळ्यांना भेग दिसो वा न दिसो.

सोल्डर करताना टोक सिरॅमिकवर दोन सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नका, आणि ठिपका मध्यावर नको, कडेजवळ लावा. जास्त उष्णतेनं त्या जागेचं ध्रुवीकरण जातं आणि मधला जड ठिपका चकतीची चाल बिघडवतो. तार केसासारखी बारीक घ्या आणि ढिली वळवून सोडा. ताठ तार शेकडो हर्ट्झच्या थरथरीनं सांध्याशी तुटते.

अ‍ॅम्प्लिफायरचा हिशेबही करून टाकू. ३० नॅनोफॅरड, १२०० हर्ट्झ, ३० व्होल्ट शिखर: प्रवाह ७ मिलिअँपिअरच्या आत. यासाठी प्रयोगशाळेचं महागडं यंत्र लागत नाही. साधा ऑडिओ अ‍ॅम्प्लिफायर आणि उलटा जोडलेला छोटा ट्रान्सफॉर्मर पुरतो. फक्त ट्रान्सफॉर्मर आणि चकतीची धारिता मिळून त्यांचाही एक विजेचा अनुनाद होतो, म्हणून स्कोपचा प्रोब नेहमी चकतीच्या टोकांवरच लावा. जनरेटरच्या पडद्यावरचा आकडा खरा धरू नका. आणि त्या टोकांना बोट लावू नका.

एवढ्यानंही चकती कमी पडली तर बायमॉर्फच्या आधी दुसरा मार्ग आहे: एकाच पोकळीच्या दोन भिंतींना दोन साध्या चकत्या, एकाच वेळी आत आणि एकाच वेळी बाहेर. ढकललेली हवा दुप्पट होते. जनरल इलेक्ट्रिकनं २०१२ साली इलेक्ट्रॉनिक्स थंड करायला जो पातळ जेट दाखवला तो असाच दोन पायझो पत्र्यांचा होता. दोन चकत्यांची वारंवारता जुळायला मात्र हवी, म्हणून पुन्हा ती वही.

इथपर्यंतचा क्रम मनात ठेवा: पेटी चकतीशी जुळवा, पकड सुधारा, गळती बंद करा, मग व्होल्टेजला हात लावा. आता तुम्ही न विचारलेल्या पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाच्या प्रश्नाकडे येतो. ३० मीटर प्रतिसेकंद कशासाठी?

तुमच्या मॉडेलचं क्षेत्रफळ ०.०६ चौरस मीटर. १० मीटर प्रतिसेकंदाच्या वाऱ्यात गतिज दाब गुणिले क्षेत्रफळ साधारण ३.३ न्यूटन. वेगळा होत चाललेला प्रवाह पृष्ठभागाला धरून ठेवायला संवेग गुणांक (जेटांचा संवेग भागिले हे ३.३ न्यूटन) निदान ०.१ टक्क्याच्या घरात हवा असं धरलं, तर जेटांचा एकूण संवेग ३.३ मिलिन्यूटन लागतो. दीड मिलिमीटर भोकाचा, १६ शिखरवेगाचा एक जेट फक्त बाहेर फुंकण्याचा हिस्सा धरला तर ०.१२ मिलिन्यूटन देतो. म्हणजे सत्तावीस जेट! ३० शिखरवेगाला एक जेट ०.४४ देतो, म्हणजे आठ. वेग दुपटीच्या आत वाढला आणि गरज सत्तावीसवरून आठवर आली, कारण संवेग वेगाच्या वर्गानं वाढतो. तुमची तिशीची मागणी म्हणून योग्यच आहे, पण एका भोकानं ३०० मिलिमीटर रुंदीचं पातं सावरणार नाही, जेट कितीही चांगला असो. आठ डबे ओळीनं बसवा, किंवा बोगद्याचा वेग ५ वर आणा. गरज चौथाईवर येते आणि ३० च्या दोन जेटांत काम भागतं. ०.१ टक्का हा उंबरठा मात्र पात्याचा आकार, कोन आणि भोकाची जागा यांवर बदलतो. भोक प्रवाह सुटण्याच्या जागेच्या किंचित आधी हवं. नंतर ठेवलेला जेट वाया जातो.

वारंवारतेचंही तसंच. पात्यावरच्या प्रवाहाला १२०० हर्ट्झचं फारसं कौतुक नसतं. सुटलेल्या भागाची लांबी १५० मिलिमीटर धरली तर १० मीटर प्रतिसेकंदाला त्याची स्वतःची लय साठ-सत्तर हर्ट्झची. चकती साठ हर्ट्झवर चालवली तर ती जेमतेम हलेल. म्हणून चकती तिच्या १२०० वरच चालवायची आणि तो सिग्नल सेकंदाला साठ-सत्तर वेळा चालू-बंद करायचा. जेट झटक्यांच्या गठ्ठ्यांनी येतो आणि प्रवाहाला त्याची लय मिळते. कित्येकदा वीज निम्मी लागते आणि परिणाम जास्त दिसतो. चालू-बंद एकदम करू नका, दोन-तीन फेऱ्यांचा चढ-उतार द्या, चकतीला धक्का बसत नाही. ग्लेझर यांच्यासारखे संशोधक मात्र दसपट वरच्या वारंवारतेनंही परिणाम दाखवतात, तेव्हा दोन्ही करून बघा आणि तुमच्या पात्याला काय मानवतं ते लिहा.

मोजमाप. हॉटवायरला, म्हणजे तापलेल्या बारीक तारेनं वेग मोजणाऱ्या प्रोबला, दिशा कळत नाही. बाहेर जाणारी आणि आत येणारी हवा तिला सारखीच. भोकाशी लावली तर आत ओढलेली हवाही वेग म्हणून मोजली जाते. तुमचा हातातला प्रोब भोकापेक्षा मोठा आहे, त्यामुळं तो सरासरीची सरासरी देतो. लेखांमधे १०० मीटर प्रतिसेकंदाच्या वरचे आकडे दिसतात ते भोकाच्या तोंडाशी मोजलेल्या शिखरवेगाचे असतात, त्यांच्याशी तुमच्या मीटरची तुलना करू नका.

माझा भरवशाचा उपाय वजनकाट्याचा. आमचे एक पाहुणे विट्याचे, गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) व्यवसायातले. त्यांच्याकडचा मिलिग्रॅम दाखवणारा जुना काटा मी मागून आणला. काट्यावर हलकी ताटली, वर भोक खाली करून डबा टांगायचा, अंतर भोकाच्या व्यासाच्या दहा-पंधरा पट. काट्याच्या काचा लावायच्या, पंखा बंद, दार बंद. चकती चालू केली की आकडा थरथरतो आणि स्थिरावतो. १६ शिखरवेगाला १२-१३ मिलिग्रॅम, ३० ला ४५ च्या आसपास यायला हवेत. थेट संवेगच मोजला जातो, जो तुम्हाला शेवटी हवा आहे. आणि रिंग बदलली की पाच मिनिटांत नवा आकडा. डबा काट्याला कुठंही टेकता कामा नये.

बोगद्यात गेल्यावर तीन तुलना केल्याशिवाय निकाल लिहू नका. पहिली, भोक नुसतं उघडं, चकती बंद. दुसरी, भोकावर टेप, चकती चालू. ही फार महत्त्वाची, कारण ५ मीटर प्रतिसेकंदाला तुमचा रेनॉल्ड्स आकडा (हवेच्या जडत्वाचं तिच्या चिकटपणाशी प्रमाण) साठ हजारांच्या घरात आहे आणि इतक्या कमी आकड्याला नुसत्या आवाजानंही प्रवाह सावरतो. जेट न लागता उचल वाढली तर श्रेय जेटचं नाही. तिसरी, भोकांच्या जागी बारीक सँडपेपरची पट्टी चिकटवून. पट्टीनंही तेवढंच काम झालं तर तुम्ही प्रवाह फक्त खवळवला आहे, आणि तसं प्रामाणिकपणे लिहिणं हाही चांगला निकाल आहे.

चाळकेवाडीबद्दल. मोठ्या पवनचक्कीच्या पात्याचं टोक ६०-८० मीटर प्रतिसेकंदानं फिरतं, तिथं तुमच्या चकत्या पुरणार नाहीत हे आत्ताच मान्य करून प्रोजेक्ट मांडा. बोइंगनं २०१५ साली ७५७ विमानाच्या उभ्या शेपटीवर प्रवाह-नियंत्रण उडवून पाहिलं तेव्हा तिथं झुलते जेट (दाबाची हवा या बाजूहून त्या बाजूला झुलवत फेकणारे) होते, हवा विमानाच्या सहायक इंजिनातून घेतलेली. जिथं दाबाची हवा आयती आहे तिथं ते वरचढ ठरतात. आपल्या जेटची ताकद अशी की नळी नाही, कॉम्प्रेसर नाही, दोन तारा नेल्या की झालं. लहान पाती, ड्रोन, थंड करायचे इलेक्ट्रॉनिक डबे, इथं ते सोनं आहे.

हवामानाचंही बघा. डिसेंबरच्या सकाळी १५ अंश आणि मेच्या दुपारी ४० अंश, एवढ्यात आवाजाचा वेग चार टक्क्यांनी बदलतो आणि पेटीचा अनुनादही तेवढाच सरकतो. चकतीचा गोंदही उन्हाळ्यात मऊ होतो. हिवाळ्यात जुळवलेला डबा एप्रिलच्या सादरीकरणात रुसू नये म्हणून त्याच दिवशी सकाळी पुन्हा एकदा वारंवारता फिरवून शिखर शोधा.

एक मिलिमीटरची रिंग कुपवाडात करून घ्या, लेथवाल्याला चित्र द्या आणि दोन्ही पृष्ठभाग एकाच सेटिंगमधे घ्यायला सांगा, म्हणजे ते समांतर येतील. मग तीन गोष्टी मला कळवा: नव्या चकतीची चालवण्याआधीची आणि नंतरची धारिता, ३०० ते २५०० हर्ट्झपर्यंत २५-२५ च्या पायऱ्यांनी घेतलेले वेग, आणि सिरिंजचा दट्ट्या उसळतो की नाही. आकडे बघून सांगतो की पाऊण मिलिमीटरची रिंग करायची की दीडची.